पावतीपुस्तकातली माणसे

महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

आदरणीय विश्वस्त मंडळी,


ऑगस्ट-सप्टेंबर आला की संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. सभेचा क्रम ठरलेला असतो. मागील सभेचा वृत्तांत, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, लेखापरीक्षकांचा अहवाल, जमाखर्चाला मंजुरी, अध्यक्षांचे चार शब्द आणि शेवटी चहा-बटाटेवडा. देणग्यांचा एकूण आकडा मोठ्याने वाचला जातो, टाळ्या पडतात. अहवालाच्या शेवटच्या आठ-दहा पानांवर बारीक टायपात देणगीदारांची यादी असते. ती मात्र कोणी वाचत नाही. आपले नाव बरोबर छापले आहे ना, एवढे पाहून अहवाल पिशवीत जातो.

ती यादी सावकाश वाचणाऱ्याला काही गोष्टी दिसतात. नावे बहुतेक त्याच चार-पाच उपनगरांतली असतात. रकमा ५०१, ११०१, ५००१ अशा शुभ आकड्यांत संपतात. आणि 'कै.' हे अक्षर वर्षागणिक वाढत जाते. दहा वर्षांपूर्वी जे काका स्वतः देणगी देत, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आता मुलगा देतो. एकदा देतो, फार तर वर्षश्राद्धाला पुन्हा देतो. त्यानंतर ते आडनाव यादीतून जाते. सभेत श्रद्धांजली वाहिली जाते ती सभासदांना. देणगीदार गेल्याची नोंद कोणत्याच ठरावात नसते.

हे पत्र त्या शेवटच्या पानांविषयी आहे. पैसा कोणाकडून येतो, त्या माणसाचे वय काय, तो राहतो कुठे, कमावतो कसा, घरात पैशाचा निर्णय कोण घेतो, यावर तो कसा मागायचा हे ठरते. महाराष्ट्रात ज्यांनी संस्था उभ्या केल्या त्यांना हे पक्के ठाऊक होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८६ साली त्या अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा त्यांना मुंबईत विधवांसाठी शाळा काढायची होती आणि हातात पैसा नव्हता. त्यांच्यासमोरचा श्रोतृवर्ग म्हणजे चर्चला जाणाऱ्या, समित्या चालवण्याची सवय असलेल्या मध्यमवर्गीय अमेरिकन स्त्रिया. रमाबाईंनी त्यांच्यासाठी इंग्रजीत पुस्तक लिहिले. 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनला 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि गावोगावी 'रमाबाई सर्कल' नावाची छोटी मंडळे निघाली. दर वर्षी ठरावीक रक्कम, सलग दहा वर्षे, असा करार होता. आज संस्था ज्याला मासिक देणगी योजना म्हणतात, तिचे हे जुने रूप. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

त्याच शारदा सदनातल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. सुरुवातीचे दाते पुण्या-मुंबईचे सुधारक विचारांचे पगारदार होते. त्यांची सहानुभूती मोठी, खिसा बेताचा. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला ६ एकर जमीन आणि ७५० रुपये दिले आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. विद्यापीठ काढायचे झाले तेव्हा मात्र या वर्गाची मदत पुरणारी नव्हती. १९२० मध्ये गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचे नाव लागले. पगारदार आणि गिरणीमालक असे दोन दाते झाले. तिसरा शोधायला कर्वे १९२९ साली, वयाच्या सत्तरीत, युरोप-अमेरिका-जपानच्या वाटेला लागले. परत येऊन वर्ष पुरे व्हायच्या आत ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाले. मोंबासा, झांझिबार, युगांडा, टांगानिका या टापूत हिंदी व्यापाऱ्यांच्या जुन्या वसाहती होत्या. घरापासून दूर गेलेला, दोन पैसे बाळगून असलेला माणूस मायदेशातल्या कामाला हात देईल, हा हिशेब कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाता यापेक्षा अगदी वेगळा. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. रयतेच्या घरात रोख पैसा सुगीनंतर थोडे दिवस दिसे. धान्य मात्र कणगीत असे. म्हणून मुष्टिफंड निघाला. बाईने जात्यावर दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला टाकायचे, संस्थेची पोरे ते गोळा करून नेणार. या योजनेत दाता म्हणजे घरची बाई होती, देणगीचा दिवस दळणाचा होता आणि रक्कम मुठीएवढी होती. वसतिगृहातल्या किती मुलांच्या ताटात त्या मुठी पडल्या असतील, याचा हिशेब कुठल्याही पावतीपुस्तकात सापडायचा नाही.

त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. माणशी एक पैसा मागायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मकार्यासाठी आपापल्या मिळकतीचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले. इथे रकमेऐवजी हिस्सा मागितला होता. हमालाचा विसावा भाग आणि कारकुनाचा विसावा भाग वेगळा असला तरी दोघांची मान सारखीच ताठ राहते.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६०पासून पुढची चाळीस वर्षे, मराठी समाजात एक नवा दाता घडला. आज बहुतेक संस्था ज्याच्या खांद्यावर उभ्या आहेत तो हाच. बँकेत, विमा महामंडळात, रेल्वेत, शाळेत, सरकारी कचेरीत तीस-पस्तीस वर्षे नोकरी, वेळेवर पगार, निवृत्तिवेतन, डोंबिवली-ठाणे-कोथरूड-धरमपेठेत छोटे घर. वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारा, नाटकाला जाणारा, साने गुरुजींवर वाढलेला. स्वतःसाठी रिक्षा करायला दहादा विचार करणारा आणि आनंदवनाला न चुकता चेक पाठवणारा.

या माणसाकडून पैसा कसा मिळवायचा याचे एक शास्त्रच तयार झाले. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाविषयी लेखकांनी लिहिले, वाचकांनी ते वाचले, सहली निघाल्या आणि मग मनीऑर्डरी गेल्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी दिलेल्या १ लाख रुपयांच्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. हे पैसे मुळात पुस्तके विकत घेणाऱ्या आणि तिकीट काढून प्रयोगाला बसणाऱ्या वाचक-प्रेक्षकांचेच होते. पुलंच्या हातून ते समाजात परतले. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी करून सामाजिक कृतज्ञता निधी जमवला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, म्हणजे ज्याला कोणी सहसा देणगी देत नाही अशा गोष्टीसाठी पैसा हवा होता. तो नाट्यगृहातून आला, कारण दाता तिथे बसलेला होता. २०११पासून 'लोकसत्ता' गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम चालवतो. दर वर्षी दहा संस्थांची ओळख छापली जाते आणि वाचक धनादेश पाठवतात. वर्तमानपत्राने शहानिशा केलेली असते, सणाचे दिवस असतात, चेकबुक कपाटातून निघते.

याच दात्यासाठी तिथीची योजना निघाली. आईच्या पुण्यतिथीला वृद्धाश्रमात किंवा वसतिगृहात जेवण द्यायचे. त्यासाठी एकदाच एक रक्कम कायम निधीत टाकायची आणि तिच्या व्याजातून दर वर्षी त्या तारखेला पंगत बसवायची. फळ्यावर नाव लिहिले जाते, पोस्टाने पत्र येते. ज्याच्या आयुष्याचा सारा आधार मुदत ठेव आणि पेन्शन, त्याला ही भाषा सहज पटली.

आता याच योजनेचे काय झाले ते पाहा. १९९०च्या दशकात बँका मुदत ठेवीवर १० टक्क्यांहून अधिक व्याज देत. २०२१च्या सुमारास स्टेट बँकेचा लांब मुदतीचा दर साडेपाच टक्क्यांच्या आत आला होता. ठेव तीच, पंगत तीच. डाळ-तांदूळ-गॅसचा भाव मात्र कितीतरी पट. कित्येक संस्था आज जुन्या तिथींचे जेवण नव्या देणग्यांतून वाढत आहेत. शब्द दिला आहे म्हणून वाढत आहेत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच आहे. पण ज्या अर्थव्यवस्थेवर ही योजना बेतली होती ती अर्थव्यवस्था आता नाही.

तो दाताही म्हातारा झाला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. तेव्हा साठीत असलेला देणगीदार आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याचा औषधांचा खर्च वाढला आहे, बँकेत एकट्याने जाणे थांबले आहे, आणि मोबाइलवरून पैसे पाठवताना फसवले जाण्याची भीती त्याच्या मनात पक्की बसली आहे. अशा माणसाला 'लिंकवर क्लिक करा' असा निरोप पाठवणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखे आहे. त्याला पाकीट हवे, स्वतःचा पत्ता लिहिलेले. कार्यकर्त्याचा फोन हवा. पावती पोस्टाने हवी.

देणारा समाजच आटत जातो तेव्हा काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यापासून कितीतरी पारशी दात्यांनी या शहरात इस्पितळे, शाळा, धर्मशाळा, पाणपोया उभ्या केल्या. २०११च्या जनगणनेत देशभरातले पारशी उरले ५७ हजार २६४. इमारतींवर नावे आहेत. त्या इमारती चालवायला पैसा मात्र आता दुसऱ्यांकडून आणावा लागतो. मराठी पेन्शनरांची संख्या एवढी घटणार नाही हे खरे. पण पुढच्या पिढीच्या नोकऱ्यांत जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, आणि खात्रीचे पेन्शन नसलेला साठीचा माणूस चेक लिहिताना दोनदा थांबेल.

मग त्याची मुले? ती कमावती आहेत, बापापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी संस्था अजून बापाचीच भाषा वापरतात, आणि तिथे गाडी अडते.

पहिला अडथळा आयकराचा. पत्रकाच्या तळाशी जाड अक्षरांत 'देणगी ८०जी खाली करसवलतीस पात्र' असे छापले की अर्धे काम झाले, असे वर्षानुवर्षे मानले गेले. मार्च महिन्यात देणग्यांचा पूर येतो तो त्यामुळेच. पण नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट नाही, आणि २०२३-२४ या वर्षापासून तीच मूळ प्रणाली झाली. ३१ जुलै २०२४पर्यंत भरल्या गेलेल्या सुमारे ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख, म्हणजे ७२ टक्के, नव्या प्रणालीत होती. पुण्यातल्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीत काम करणाऱ्या तिशीतल्या अभियंत्याला तुमचे ८०जी प्रमाणपत्र बहुधा काहीच कामाचे नाही. जाड अक्षरांची ती ओळ त्याच्यासाठी लिहिलेलीच नाही. त्याला द्यायचे असेल तर कारण दुसरे असणार, आणि पत्रकात ते दुसरे कारण कुठेच नाही.

दुसरा अडथळा पासपोर्टचा. न्यू जर्सीत दोन चुलत भाऊ राहतात अशी कल्पना करा. एकाकडे भारतीय पासपोर्ट आहे, दुसऱ्याने अमेरिकन नागरिकत्व घेतले आहे. दोघांचे गाव एक, शाळा एक. पहिल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी कायद्याने परदेशी ठरत नाही. दुसऱ्याची ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. ती घ्यायची तर संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यात यायला हवा. त्यातून प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही, आणि दुसऱ्या संस्थेला तो पैसा देता येत नाही. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८पासून आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना धरून आहेत. त्या काळी गेलेली पिढी तिकडे आजोबा झाली. नातवंडांचे पासपोर्ट निळे आहेत आणि आजोळच्या गावाशी त्यांचा संबंध सुट्टीपुरता. परदेशस्थ दात्यांच्या यादीत नागरिकत्वाचा रकाना नसेल तर संस्था एका बाजूने पैसा गमावते आणि दुसऱ्या बाजूने कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.

तिसरी गोष्ट अडथळा नव्हे, सवय आहे. ही पिढी भाजीवाल्याला दहा रुपये यूपीआयने देते. वर्षातून एकदा पाच हजारांचा चेक लिहिणे तिला जड जाते. दरमहा चारशे-पाचशे रुपये आपोआप खात्यातून जाणे जड जात नाही. बेरीज तेवढीच किंवा जास्तच होते. हा दाता संस्थेकडे संस्था म्हणून येत नाही, माणसाच्या ओळखीने येतो. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने हे नेमके हेरले. धावणारा आपल्या मित्रांना, सहकाऱ्यांना सांगतो की अमुक संस्थेसाठी धावतोय, पैसे टाका. मित्र पैसे टाकतात ते त्याच्यासाठी; संस्थेचे नाव कित्येकांना त्याच दिवशी कळते. त्यांतले दहा जण पुढच्या वर्षी संस्थेचे म्हणून राहतील का, हे मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात कोणी त्यांच्याशी बोलले की नाही यावर ठरते.

सवयी बदलल्या की साधनही बदलावे लागते, हे क्राय या संस्थेच्या वाटचालीत दिसते. १९७९ साली मुंबईत रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी ५० रुपयांवर ती सुरू केली. शुभेच्छापत्रे विकून तिने शहरी मध्यमवर्गात घरोघरी जागा मिळवली. दिवाळीला आणि नववर्षाला कार्ड पाठवण्याची चाल असेपर्यंत ते साधन चोख होते. मोबाइलवरच्या संदेशांनी ती चाल मोडली आणि कार्डाच्या जागी थेट देणगी मागण्याची वेळ आली.

कंपन्यांचा पैसा हाही एका दात्याचाच पैसा आहे, आणि त्या दात्यालाही पत्ता असतो. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. २०२२-२३ मध्ये देशभरात हा आकडा ३० हजार कोटींच्या घरात गेला. कायदा सांगतो की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे. त्यामुळे चाकण, तळोजा, बुटीबोरीच्या आसपासच्या शाळांना संगणक मिळण्याची शक्यता जास्त, आणि जिथे कारखानाच नाही अशा धडगाव-अक्कलकुव्याच्या वाडीला कमी. कंपनीचा माणूस तीस-पस्तिशीचा असतो, त्याला तिमाही अहवाल लागतो, लाभार्थींची संख्या लागते. दोन वर्षांनी त्याची बदली होते किंवा कंपनीचा 'फोकस एरिया' बदलतो. या पैशावर पूर्ण विसंबलेल्या संस्थेचे काम मग आरोग्याकडून कौशल्य-प्रशिक्षणाकडे आणि तिथून पर्यावरणाकडे सरकत जाते.

इथे थोडे थांबायला हवे. दात्याप्रमाणे मागण्याची रीत बदलावी हे बरोबर. पण दात्याप्रमाणे कामच बदलू लागले तर?

समाजमाध्यमांवरच्या निधी-संकलनात कोणाचे आवाहन लवकर पुरे होते ते पाहावे. लहान मूल, दुर्मीळ आजार, शस्त्रक्रियेची तारीख, आईचा रडवेला चेहरा. तुरुंगातून सुटलेला चाळिशीचा पुरुष, मनोरुग्ण बाई, ऊसतोड कामगारांच्या हक्कांसाठी कोर्टात चाललेला खटला यांच्यासाठी त्याच वेगाने पैसा येत नाही. शहरी तरुण दात्याला चटकन उत्तर दिसणारे प्रश्न आवडतात. पेन्शनर दात्याला अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान आवडते. कंपनीला मोजता येणारे आवडते. कार्यकर्त्याचे मानधन, जुन्या जीपची दुरुस्ती, वीजबिल हे कोणालाच आवडत नाही. सामाजिक कृतज्ञता निधीचे मोल इथे कळते: ज्याला दाता नव्हता, त्याच गोष्टीसाठी त्या मंडळींनी पैसा मागितला आणि मिळवला.

रमाबाईंच्या वाट्याला हा पेच फार आधी आला. त्यांचा दाता बॉस्टनचा ख्रिस्ती मध्यमवर्ग, त्यांच्या विद्यार्थिनी पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या, आणि सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक. शारदा सदनात धर्मप्रसार होणार नाही, या शब्दावर सगळे उभे होते. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा गवगवा झाला आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. दाता एका समाजातला, लाभार्थी दुसऱ्या समाजातला आणि देखरेख तिसऱ्याची, असे झाले की ताण कुठे पडतो हे त्या वर्षी स्पष्ट झाले. आज दाता महानगरातला आणि लाभार्थी पाड्यावरचा असतो. ताण तोच आहे. फक्त आता तो वर्तमानपत्रांतल्या वादात दिसत नाही, प्रकल्प-अहवालाच्या भाषेत लपतो.

आणखी एक दाता आहे, ज्याला बहुतेक संस्थांनी अजून विचारलेच नाही. अशोका विद्यापीठाच्या केंद्राने २०२०-२१साठी केलेल्या पाहणीत भारतीय कुटुंबांनी वर्षात दिलेले दान सुमारे २३ हजार ७०० कोटी रुपये निघाले. त्यातले ७० टक्क्यांच्या आसपास धार्मिक संस्थांना गेले. धर्मेतर संस्थांच्या वाट्याला ५ टक्के. लोक देत नाहीत, असे म्हणायला जागाच नाही. वारीच्या वाटेवरच्या गावांत दिंड्यांना जेवण घालणारी घरे श्रीमंत नसतात. रमजानमध्ये जकात काढणारा छोटा दुकानदार टक्केवारीने मोठ्या उद्योगपतीला मागे टाकत असेल. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत वर्गणी जमते. गणपतीची वर्गणी तर सगळेच देतात. या देण्याला ओळखीचा चेहरा, ठरलेला दिवस आणि आपण ज्यात मोडतो असा एखादा गट असतो.

२०१५च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन काढले तेव्हा या ओळखीच्या चेहऱ्याचे बळ दिसले. देणाऱ्यांत मोठ्या रकमा होत्या, तशा छोट्या गावांतल्या छोट्या रकमाही होत्या. २०१६पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावाने पैशाऐवजी श्रम दिले. १ मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईची माणसे फावडे धरायला आली. त्यांत कित्येक जण त्याच जिल्ह्यांतून नोकरीसाठी शहरात गेलेले होते. गाव सोडून शहरात आलेला हा नवा मध्यमवर्ग, पहिल्या पिढीचा पदवीधर, बहुजन आणि दलित घरांतला शिक्षक, पोलीस, परिचारिका, अभियंता, आज महाराष्ट्रातला वाढता वर्ग आहे. संस्थांच्या यादीतली आडनावे पाहिली तर तो तिथे फारसा दिसत नाही. त्याच्याकडे कोणी गेले नाही, की गेलेल्यांची भाषा त्याला परकी वाटली, हे प्रत्येक विश्वस्त मंडळाने स्वतःला विचारावे.

बायकांचेही तसेच. मुष्टिफंडात दाता बाई होती. नंतर चेकबुक आले आणि सही नवऱ्याची झाली. आज नोकरी करणाऱ्या, बचतगट चालवणाऱ्या बायकांचे स्वतःचे खाते आहे, तरी आभाराचे पत्र 'श्री. व सौ.' असेच जाते.

नियमांची चौकटही या दात्याला सोयीची नाही, हे मान्य. २,००० रुपयांपुढच्या रोख देणगीला वजावट नाही, वस्तुरूप देणगीला मुळीच नाही, आणि १०बीडी विवरणात देणाऱ्याचा ओळख क्रमांक, नाव, पत्ता भरावा लागतो. सगळी रचना बँकेत खाते आणि खिशात पॅन असलेल्या पगारदाराला डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. मूठभर धान्य देणाऱ्या बाईला त्यात रकाना नाही. पण तिला वजावटही नको असते. धान्याची नोंद ठेवणारी साधी वही आणि वर्षाच्या शेवटी गावातल्या देवळासमोर झालेला जाहीर हिशेब तिला पुरतो.

म्हणून आपणा सर्वांकडे काही मागणी आहे.

देणगीदारांच्या यादीत पाच रकाने वाढवावेत: वय, पिनकोड, देण्याची पद्धत, पहिल्यांदा कोणामुळे आले आणि सलग किती वर्षे देत आहेत. परदेशस्थांसाठी नागरिकत्वाचा सहावा. हे काम एका होतकरू स्वयंसेवकाला महिन्याभरात जमेल. सत्तरी ओलांडलेल्या देणगीदारांना वर्षातून एकदा घरी जाऊन भेटावे, रिकाम्या हाताने नव्हे, मुलांनी काढलेले चित्र किंवा अहवाल घेऊन. इच्छापत्रात संस्थेसाठी काही ठेवायचे का, हा प्रश्न संकोच न करता पण मुलांच्या समोर विचारावा, म्हणजे पुढे वाद होत नाहीत. तिथी योजनेचा आजचा खरा खर्च जुन्या देणगीदारांच्या कुटुंबांना पत्राने कळवावा; बरेच जण भर घालतील. तरुणांसाठी छोटी मासिक देणगी ठेवावी आणि तिच्यासोबत दर महिन्याला चार ओळींचा हिशेब मराठीत पाठवावा, त्यात वीजबिलही लिहावे. रडणाऱ्या मुलांचे फोटो बंद करावेत. संस्था ज्या तालुक्यात काम करते तिथल्या लोकांकडून, रक्कम कितीही लहान असो, दर वर्षी काही तरी घ्यावेच. ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना हिशेब विचारण्याचा हक्क त्यातून मिळतो. आणि कोणते काम दात्याच्या आवडीनिवडीवर सोडायचे नाही, याचा ठराव पैसा मागायला बाहेर पडण्याआधी करावा.

येत्या सर्वसाधारण सभेत जमाखर्चाला मंजुरी मिळाल्यावर, चहा येण्याआधी, एखाद्या विश्वस्ताने उभे राहून अहवालाची ती शेवटची पाने मोठ्याने वाचावीत. नावागणिक वय आणि गाव सांगावे. अर्धा तास जाईल. वाचून झाल्यावर सभागृहात पस्तिशीच्या आतले किती जण बसले आहेत ते मोजावे आणि तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा, ही विनंती.



आपल्याच यादीतला एक देणगीदार